आठवीच्या वर्गातला सायकलचोरीचा खटला: चोरी नक्की कोणत्या क्षणी होते?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका मराठी शाळेत मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. (शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) आठवीला न्यायव्यवस्थेचा धडा आहे. दरवर्षी मी फळ्यावर सर्वोच्च, उच्च, जिल्हा अशी उतरंड काढते, मुलं ती वहीत उतरवतात आणि दिवाणी-फौजदारीतला फरक घोकतात. यंदा म्हटलं, पुरे. वर्गातच खटला चालवू. चोरीचा.

चोरीचाच का? कारण मुलांच्या रोजच्या जगण्यातला गुन्हा तोच. माझ्या टेबलापाशी दिवसातून दोनदा तरी फिर्याद येते, "बाई, ह्याने माझा पेन ढापला." आणि समोरच्याचं ठरलेलं उत्तर, "ढापला नाही बाई, घेतला होता."

तिथूनच सुरुवात केली. पहिल्या तासाला फक्त शब्द गोळा केले. न विचारता दुसऱ्याची वस्तू घेणं याला मराठीत काय काय म्हणतात? पंधरा मिनिटांत फळा भरला: चोरणं, ढापणं, लाटणं, उचलणं, पळवणं, लांबवणं, हडपणं, गिळंकृत करणं, हातोहात गायब करणं. एकाने पेपरातला 'दुचाकी लंपास' आणला. मग विचारलं, यातला कोणता शब्द स्वतःबद्दल वापराल? एक मुलगी म्हणाली, "ढापलं म्हणेन. चोरलं नाही म्हणणार." का? "ढापण्यात मजा असते बाई. चोरण्यात लपवणं असतं." मी हेतू हा शब्दसुद्धा अजून उच्चारला नव्हता.

आता खटला. वर्गात खरोखर घडलेलं काहीही घ्यायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. नावंही अशी हवी होती की वर्गात कोणाचीच नसतील, म्हणून आरोपी बंड्या आणि फिर्यादी गुंड्या.

हकिकत अशी. बंड्या आणि गुंड्या एका वर्गात. जिवलग नाहीत, पण बोलणं आहे. महिन्यापूर्वी गुंड्याने आपणहून बंड्याला सायकलवर एक चक्कर मारू दिली होती. आज मधल्या सुट्टीत बंड्याला आठवतं, प्रकल्पाची फाईल घरी राहिली आणि पुढचाच तास त्या बाईंचा. घर अशोक स्तंभापाशी. स्टँडवर गुंड्याची सायकल बिनकुलपाची. बंड्या ती घेऊन सुटतो. येताना मागचं चाक पंक्चर. तो तीस रुपये देऊन पंक्चर काढून घेतो आणि तास सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाल्यावर पोचतो. तोवर सुट्टी संपताना सायकल नाही म्हणून गुंड्याने रडून गोंधळ घातलेला. बंड्या सायकल स्टँडच्या दुसऱ्या टोकाला लावतो आणि काही न बोलता वर्गात येऊन बसतो. शिपाई मामा बघतात.

बास, एवढंच. शेवटची दोन वाक्यं मी मुद्दाम घातली होती.

शनिवारी सकाळच्या शाळेत दोन तास जोडून घेतले. बाक ओढून कठडा केला. मुद्देमाल म्हणून अख्खी सायकल वर आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिची घंटी काढून आणली. न्यायाधीश तीन, चिठ्ठ्या टाकून. पट्टेवाल्याचं काम वर्गातल्या सगळ्यात दांडग्या आवाजाला गेलं. त्याने "आरोपी बंड्या हाजिर होऽऽ" असा पुकारा केला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या.

पंक्चरवाल्याची साक्ष जशी झाली तशीच देते. खांद्यावर फडकं टाकून आलेला मुलगा कठड्यात उभा.

सरकारी वकील: तो दुकानात येऊन काय म्हणाला?
पंक्चरवाला: माझी सायकल पंक्चर झालीय, लवकर काढून द्या.
सरकारी वकील: 'माझी' म्हणाला? नक्की?
पंक्चरवाला: नक्की.

वर्गात मोठ्ठा 'आऽऽ'. सरकारी वकीलबाई जागेवर जाऊन बसल्या, केस जिंकल्यासारख्या. मग बचावाचा वकील उठला.

बचाव: दादाची सायकल घेऊन पोरगा आला तर तो काय म्हणतो?
पंक्चरवाला: माझी सायकल म्हणतो.
बचाव: तुम्ही कागदपत्रं मागता?
पंक्चरवाला: पंक्चरला कुठली कागदपत्रं!
बचाव: बरं. तुम्ही शालिमारला रिक्षा ठरवली, पिशव्या ठेवल्या आणि चहाला गेलात. येऊन काय म्हणता, माझी रिक्षा कुठाय. म्हणजे रिक्षा तुम्ही चोरली?

हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, शप्पथ.

पण बंड्याची उलटतपासणी सुरू झाली आणि वारं फिरलं. "नेताना सायकल कुठे होती?" गेटजवळ. "परत कुठे लावलीस?" आतल्या टोकाला. "का?" बंड्या म्हणाला, गेटजवळ जागा नव्हती. त्यावर सरकारी वकीलबाई अगदी हळू आवाजात: "तास चालू होता. सगळे वर्गात होते. मध्येच सायकल लावायला कोण आलं होतं?"

बंड्या झालेला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर.

निकाल दोन विरुद्ध एक. दोघांनी सोडलं: परत आणली, पंक्चर स्वखर्चाने काढलं, आधी एकदा चक्कर मिळाली होती, म्हणजे चोरी नाही, पण विचारलं नाही म्हणून सगळ्यांसमोर माफी. तिसरीने लिहून आणलं होतं: "तो परत आला म्हणून आपल्याला तो चांगला वाटतोय. पण गुंड्या रडत होता तेव्हा तो परत येणार आहे हे गुंड्याला माहीत नव्हतं. तेवढा वेळ सायकल चोरीलाच गेली होती."

नंतर उरलेल्या वेळात मी एकेक गोष्ट बदलत गेले आणि हात वर करायला सांगितले. सायकल अनोळखी मुलाची असती तर? दोघांच्या सायकली एकाच रंगाच्या आणि बंड्याने स्वतःची समजून नेली असती तर? घेताना परत द्यायचीच होती, पण घरी पोचल्यावर मोह झाला तर? या शेवटच्या प्रश्नाला वर्ग बरोबर अर्धा-अर्धा फुटला आणि घंटा झाली.

इथे कायद्याची माणसं आहेत. तिसरीचं बरोबर की त्या दोघांचं? आणि पुढच्या वर्षी काय सुधारू?

तर्रीबाज

वा! पुकारा करणाऱ्याला माझ्यातर्फे एक मिसळ. रिक्षावाल्या युक्तिवादाला दोन.

काळा_कोट

ताई, सीबीएस बस स्थानकासमोरच्या आमच्या कोर्टात रोज उलटतपासणी ऐकतो. 'मध्येच कोण आलं होतं' या प्रश्नासाठी तुमच्या विद्यार्थिनीला सलाम. आमच्यातल्या अनेकांना त्या जागी थांबता येत नाही. आणखी चार प्रश्न विचारतात आणि साक्षीदाराला सावरायला वेळ देतात.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीचं कलम ३०३. जुन्या दंड संहितेतलं ३७८ आणि ३७९. व्याख्या जवळपास १८६० चीच. जंगम म्हणजे हलवता येणारी वस्तू हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा आणि त्या हेतूने वस्तू जागची हलवलेली असावी. बघा, घरी नेली पाहिजे असं कुठेही नाही. अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. कलमाखालच्या उदाहरणांत एक अंगठीवाला आहे: टेबलावरची अंगठी लगेच न्यायची हिंमत होत नाही, म्हणून तो ती त्याच घरात सापडणार नाही अशा जागी लपवतो, नंतर विकायच्या इराद्याने. लपवण्यासाठी हलवली त्याच क्षणी चोरी.

तुमच्या तिसऱ्या न्यायाधीशबाईंच्या बाजूने तर थेट सर्वोच्च न्यायालय आहे. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य, १९५७. जोधपूरला हवाई दलाच्या प्रशिक्षणातल्या दोघांनी १९५२ मध्ये परवानगी न घेता विमान उडवलं आणि ते थेट पाकिस्तानात उतरवलं. विमान कायमचं ठेवून घ्यायचं नव्हतं, मग चोरी कशी, असा वाद झाला. न्यायालय म्हणालं, थोड्या वेळासाठी बेकायदा वापर हाही गैरलाभ, आणि मालकाला तेवढा वेळ मुकावं लागणं ही गैरहानी. १९६३ च्या प्यारेलाल भार्गव खटल्यात तर सरकारी फाईल एक-दोन दिवसांसाठी बाहेर नेऊन परत ठेवलेली होती. तरी चोरीच. इंग्लंडात १९६८ च्या कायद्यात 'कायमचं वंचित करण्याचा हेतू' लागतो. आपल्याकडे ती अट नाही. थोडक्यात, 'परत ठेवणार होतो' हा आपल्याकडे आपोआप बचाव होत नाही.

म्हणजे बंड्या अडकला? थांबा. त्याच कलमाखाली दुसरं उदाहरण आहे. एकजण स्नेह्याच्या घरी जातो, स्नेही नसतो, त्याच्या संग्रहातलं पुस्तक तो वाचून परत द्यायच्या इराद्याने नेतो. चोरी नाही, कारण आपल्याला त्याची मूक संमती आहे असं त्याला वाटलं असणं संभवतं. महिन्यापूर्वीची ती चक्कर म्हणूनच महत्त्वाची. ती हकिकतीत कोणी घातली, तुम्ही की मुलांनी? मी बचावाला असतो तर सगळी केस त्या एका चकरेवर लढलो असतो आणि पंक्चरवाल्याला हातही लावला नसता.

सरकारी पक्षाला असतो तर फक्त स्टँडचं दुसरं टोक. संमती आहे असं मनापासून वाटणारा माणूस वस्तू होती तिथेच ठेवतो आणि "अरे तुझी सायकल नेली होती" असं म्हणतो. हेतू मनात असतो, तो कोणाला दिसत नाही. तो वागण्यातूनच वाचावा लागतो.

शेवटचा अर्धा-अर्धा प्रश्न भारी आहे. घेताना मन साफ आणि नंतर फिरलं, तर ती चोरी नाही, कारण हलवण्याच्या क्षणी अप्रामाणिक हेतू नव्हता. पण सुटका नाही. ती वस्तू पुढे स्वतःच्या फायद्यासाठी वापरली की मालमत्तेचा अपहार, कलम ३१४. स्वतःची समजून नेली आणि चूक कळल्यावर परत केली, तर काहीच नाही. कळूनही ठेवून घेतली, तर पुन्हा ३१४.

दोन_पोरांची_आई

सगळे कौतुक करताय म्हणून थोडं विरुद्ध लिहिते. तेरा वर्षांच्या मुलांना 'हेतू सिद्ध झाला नाही की सुटतो' हे शिकवायची खरंच गरज आहे? आमच्या वेळी एकच धडा होता, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. संपलं. उद्या माझा मुलगा बहिणीचे पैसे घेऊन मला म्हणेल, आई माझा हेतू अप्रामाणिक नव्हता.

दुसरं, त्या बचावाच्या वकिलाला टाळ्या पडल्या असणार. म्हणजे शब्दांत पकडून सुटका करून घेतली की शाबासकी, हेच मुलांच्या लक्षात राहणार.

खडू_फळा

@दोन_पोरांची_आई, टाळ्या पडल्या, खोटं कशाला बोलू. आणि तुमची भीती मलाही होती. पण झालं असं की मुलांना सुटकेची पळवाट कमी आणि पकडले जाण्याची वाटच जास्त कळली. खटल्यानंतर एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे काय लपवलं यावरून कळतं का मनात काय होतं?" हो म्हटलं. तो जरा वेळ गप्प होता.

@काळा_कोट, चक्कर मी घातली. पण तिच्यावर केस लढावी हे मलाही सुचलं नव्हतं. निकालात तिचा उल्लेख आला तो मुलांच्याच डोक्यातून.

गोदाकाठ

पंचवटीत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे माझी केस वेगळी. रामकुंडात भाविक नाणी टाकतात. दोरीला लोहचुंबक बांधून पोरं ती काढतात, हे सगळ्या नाशिकने पाहिलंय. स्टीलची नाणी चिकटतात, बाकीची बुडी मारून. लहानपणी मीही केलंय. घरी कळलं तेव्हा आजीने बेदम मारलं, "गंगेला दिलेलं घेतोस?" म्हणून. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या मारामुळे मला अजून वाटतं की ती चोरी होती. वकीलसाहेब, होती का?

काळा_कोट

@गोदाकाठ, चोरीला वस्तू कोणाच्या तरी ताब्यात असावी लागते. ज्याने नाणं टाकलं त्याने ते सोडून दिलं, परत मिळावं अशी त्याची अपेक्षा नाही. त्यामुळे चोरीचं कलम लावणं अवघड. दानपेटीतलं मात्र काढलं असतं तर सरळ चोरी, कारण पेटी कोणाच्या तरी ताब्यात आहे. बाकी आजीच्या कोर्टात अपील नसतं.

पन्नाशीची_पाटी

खूप वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, या धाग्यामुळे लिहावंसं वाटलं.

१९८६-८७ असेल. मी पाचवीत, नाशिकमध्येच, शाळेचं नाव लिहीत नाही. सहलीसाठी मुलींनी पैसे आणले होते. एकीचं पाकीट सापडेना. दप्तरं तपासायची ठरली. बाई प्रत्येक दप्तर टेबलावर पालथं करत होत्या. माझ्या दप्तरातून चिंचेचा अर्धा गोळा पडला, तुटकी पट्टी पडली आणि कंपासमधून वीस रुपयांची नोट. चौकोनी घडी घातलेली. आजीने गावाला जाताना दिली होती, तिला तपकिरीचा वास होता. त्या मुलीच्या पाकिटातही विसाचीच नोट होती.

मला कोणी विचारलंच नाही की ही कुठून आली. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "रडू नकोस, आधी खरं बोल." दोन दिवस वर्गाबाहेर. तिसऱ्या दिवशी ते पाकीट त्या मुलीच्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडलं. बाई वर्गात म्हणाल्या, "सापडलं बरं का," आणि पुढचा धडा उघडला.

माझी नोट परत मिळाली. पण चार महिने मला पाहिलं की मुली कंपास बंद करायच्या.

तुमच्या वर्गात बंड्याला निदान बोलायला मिळालं. मला एक बचावाचा वकील हवा होता हो. रिक्षावाला.

तर्रीबाज

@पन्नाशीची_पाटी ताई, काय बोलावं सुचत नाही.

नातवंडांचा_आबा

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. बाकी मंडळींसाठी एक जुनी केस मांडतो. शांतिपर्वातली. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, बाहुदा नदीकाठी दोघांचे वेगवेगळे आश्रम. लिखित एकदा थोरल्याकडे गेला, शंख घरी नव्हता. झाडावर फळं पिकलेली, त्याने तोडली आणि निवांत खात बसला. शंख आला, म्हणाला कुठली ही? लिखित हसून म्हणाला, इथलीच. शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा माग.

लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा माफ करायला तयार होता. म्हणाला, शिक्षेचा अधिकार आहे तसा क्षमेचाही आहे. लिखित ऐकेना. शेवटी राजाने त्याचे दोन्ही हात तोडले. तो परत आला तेव्हा शंखाने त्याला नदीवर जाऊन तर्पण करायला सांगितलं, आणि हात पुन्हा आले. मग लिखिताने विचारलं, तुझ्या तपाने हे होणारच होतं तर आधीच मला शुद्ध का नाही केलंस? शंख म्हणाला, दंड देणारा मी नव्हे, राजा.

लहानपणी मला यात शंखाचा राग यायचा. भावाच्या झाडाची चार फळं, आणि लिखित काही लपवतही नव्हता, हसत सांगत होता. शाळामास्तर म्हणून ३० वर्षं काढल्यावर वेगळंच दिसतं. घरच्या माणसाने घरातच निकाल लावायचा नाही, हे शंखाला कळत होतं. आपण मास्तर लोक फिर्यादी, पोलीस, न्यायाधीश आणि शिक्षा देणारे सगळे एकटेच असतो, तेही मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत.

काळा_कोट

आबा, लिखिताचं वकीलपत्र मला द्या. थोरल्या भावाचा आश्रम, मूक संमती, कसलीही लपवाछपवी नाही. पहिल्याच तारखेला निर्दोष.

(अवांतर: झाडावरचं फळ तोडेपर्यंत ती जंगम वस्तू नसते. तोडलं की होते. त्यामुळे दुसऱ्याच्या कैऱ्या पाडणारी पोरं तोडण्याच्या त्याच कृतीत वस्तू जंगमही करतात आणि चोरतातही. आकडा टाकून वीज घेणाऱ्यांचं मात्र वेगळं, तिथे वीज कायदा २००३ चं कलम १३५.)

निवांत_नाशिककर

ज्युरी का नाही ठेवली? पोरांना मालिकांमधून तेच माहीत असतं.

खडू_फळा

@निवांत, मागितली होती! 'बारा जण पाहिजेत बाई.' मग नानावटी खटला थोडक्यात सांगावा लागला, ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष ठरवलं आणि उच्च न्यायालयाने ते फिरवलं तो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्याकडे ज्युरी नाही, हे ऐकून वर्ग खट्टू झाला. (खून कोणी आणि का केला हे मी गाळलं. तरी दोघांना माहीत होतं.)

रंगमंच_मागे

छान प्रयोग, पण एक सावधगिरीची सूचना. खेळ म्हणून मांडलेलं अभिरूप न्यायालय कठड्यातल्या माणसावर कसं उलटतं, यावरचं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे गाजलेलं मराठी नाटक इथे सगळ्यांना माहीत असेल. त्यातही सुरुवात गमतीनेच होते. बंड्या झालेल्या मुलाचं पुढे काय झालं? त्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही.

खडू_फळा

@रंगमंच_मागे, बरोबर जागी बोट ठेवलंत. ते मी मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला 'सायकलचोर' म्हणायला सुरुवात झाली. निकाल निर्दोष! तरी. आधी तोही हसत होता. बुधवारी त्याने स्टँडवर सायकल लावली तेव्हा दुसऱ्या वर्गातला एकजण ओरडला, "ए, घंटी तपासा रे." तो घंटी काढून दप्तरात ठेवायला लागला. शिपाई मामांनी मला सांगितलं तेव्हा कळलं.

मी वर्गात रागावले नाही. रागावले असते तर नाव पक्कं झालं असतं. पन्नाशीच्या पाटीताईंचं वाचल्यावर तर फारच अपराधी वाटतंय. वकीलसाहेब, यावर कायद्यात काही आहे का? पोरांना सांगायला.

काळा_कोट

आहे, आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. बंड्यावर असा खटला मुळात चालतच नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नसतो. सात ते बारामध्ये समज पुरेशी होती का ते पाहतात. आणि अठराच्या आतल्या कोणाचंही प्रकरण जातं बाल न्याय मंडळापुढे, २०१५ च्या कायद्याप्रमाणे. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक बाई असावीच लागते. कठडा नाही. 'आरोपी' हा शब्दही नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. जिभेला जड आहे, पण जड आहे म्हणूनच कोणी मधल्या सुट्टीत ओरडत नाही. आणि त्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीही छापायला कलम ७४ ने मनाई आहे.

मुलांना हे सांगा: कायदा खऱ्या बंड्याचं नावसुद्धा बाहेर येऊ देत नाही, आणि तुम्ही खोट्या बंड्याला खरं नाव चिकटवलंत.

खडू_फळा

धन्यवाद. उशिरा लिहितेय, मध्ये चाचणी परीक्षा होती.

जे केलं ते सांगते. पुढच्या शनिवारी खटला पुन्हा लावला, पण आरोपी मी. हकिकत खरी: गुरुवारी मी सातवीच्या वर्गातला डस्टर आणला होता, आमचा झिजून लाकूड झालाय म्हणून. सातवीच्या मॉनिटरला फिर्यादी म्हणून बोलावलं. कठड्यात उभी राहिले. 'सायकलचोर' हा आता सरकारी वकील.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही सातवीच्या बाईंना विचारलंत का?" नाही. "डस्टर आणल्यावर कुठे ठेवलात?" टेबलाच्या खणात. "आमचा जुना डस्टर कुठे असतो?" फळ्याच्या कडेला. "मग हा खणात का?"

मंडळी, मी खरंच विचारात पडले. खणात का ठेवला होता मी? सवयीने? की सातवीच्या बाई येऊन बघतील म्हणून? मला आत्ताही सांगता येत नाही. मी म्हटलं, "सवयीने." तो म्हणाला, "तुमचा पेन टेबलावर असतो, हजेरी टेबलावर असते. खणात काय काय असतं ते सांगा." खणात माझा डबा आणि पर्स असते. वर्ग खदखदला.

तीन विरुद्ध शून्य. दोषी. शिक्षेसाठी त्यांना कलम ३०३ मधली ती तरतूद सांगितली: मालमत्ता ५००० रुपयांच्या आतली, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत दिली, तर सामुदायिक सेवा. ती त्यांना फारच आवडली. मी आठ दिवस सातवीचा फळा पुसायचा. रोज तास संपल्यावर जाते, सातवीची पोरं दारात उभी राहून बघतात.

'सायकलचोर' बंद झालं की नाही, अजून खात्रीने सांगू शकत नाही. घंटी सायकलवर परत लागली आहे, एवढं मामांनी सांगितलं.

तर्रीबाज

आणि डस्टर?

खडू_फळा

परत दिला. सातवीच्या बाई म्हणाल्या, अहो तो आमचा नव्हताच, सहावीतून आणलेला.